सराईचा शेंदूर

बोरसराय गाव आधीचं की सराई आधीची, यावर पारावरची म्हातारी माणसं दिवसदिवस हुज्जत घालायची. घालू द्या, त्यांना दुसरा धंदा काय होता? सराईच आधीची, हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. चौसाळ्याकडं जाणारी जुनी गाडीवाट तिच्या दारावरूनच जायची. निजामाच्या अमलात कुण्या तालेवारानं ती बांधली म्हणत, पण त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. भरलेली बैलगाडी आत जाईल एवढा दरवाजा, मधे अंगण, चारी बाजूंनी ओवऱ्या, अंगणात आड आणि आडाशेजारी जनावरांना पाणी पाजायची एकाच दगडात कोरलेली डोण. मिठाचे, गुळाचे, कापसाचे गाडीवान तिथं मुक्कामाला उतरायचे. आल्यागेल्याला पाणी द्यायचं आणि त्यानं ठेवलेली चीजवस्त राखायची, हे काम सराईवाल्याच्या घराण्याचं. अशा ठेवलेल्या वस्तूला तिथं अमानत म्हणत. मुसाफिर वर्षानं येवो की दहा वर्षांनी, त्याची अमानत त्याला जशीच्या तशी मिळायची.

छबुबाई त्या घरात सून म्हणून आली तेव्हा ओवऱ्यांत माणसं मावत नव्हती. ती विधवा झाली तोवर डांबरी सडक गावाला वळसा घालून गेली होती. लाल एसटी धुरळा उडवत परस्पर निघून जायची, आणि सराईत कबुतरं तेवढी मुक्कामाला राहिली. पण छबुबाई रोज अंगण झाडायची, दारात पाण्याचा रांजण भरायची. कुणी म्हणालं, "कुणासाठी भरतीस गं बाई?" तर फाडकन म्हणायची, "तुज्या तिरडीला पाणी लागंल, त्यासाठी भरते." तोंडाची अशी फटकळ बाई, पण गावात कुणाचं लेकरू आजारी पडलं की पहिली जाऊन बसायची ती हीच.

सराईला पुन्हा जरा जाग आली ती ऊसतोडीच्या टोळ्यांमुळं. कारखाने निघाले तिकडं नगरच्या अंगाला, माणसं निघाली इकडून. दसरा झाला की आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या बैलगाड्या सराईपुढं गोळा व्हायच्या आणि तिथून रांगेनं निघायच्या. गाडीत लेकरं, कोंबड्या, कडबा, भांडीकुंडी. जातं मात्र गाडीत बसत नव्हतं. आणि ते घरी एकटंही ठेवायचं नव्हतं. ज्या घरात चूल पेटत नाही त्या घरात जातं ठेवलं की घरधनीण परत येत नाही, असं त्या बायांचं म्हणणं. मग त्यांनी आपापली जाती आणून छबुबाईच्या पश्चिमेकडच्या ओवरीत ठेवली. का, तर तिथं छबुबाईची चूल रोज पेटायची.

ठेवायचीही एक रीत होती. जातं भिंतीशी मांडायचं, त्याचा लाकडी खुंटा उपटून काढायचा आणि तो आपल्या गाठोड्यात बांधून सोबत न्यायचा. म्हणायचं, "नीज बाई आता." शिमगा, पाडवा झाला की टोळ्या परतायच्या. आपला खुंटा ज्या जात्यात नेमका बसेल ते आपलं. छबुबाई उंबऱ्यात बसून बघायची. एकेक बाई खुंटा ठोकायची, मूठभर ज्वारी घालून तिथंच एक फेरा फिरवायची, आणि दगडाचा तो घरघर आवाज ऐकला की छबुबाईला वाटायचं, चला, एक अमानत पोचती झाली.

चंद्रभागा ही त्यातली तिची सगळ्यात लाडकी. वयानं लेकीएवढी, पण छबुबाईला ती आक्का म्हणायची आणि थोरल्या बहिणीशी बोलावं तसं हक्कानं बोलायची. तिचं जातं घाटनांदूरकडच्या माहेराहून आलेलं. आई मरताना भावांनी शेत घेतलं, भांडी घेतली, हिच्या वाट्याला तेवढा दगड आला. "आक्का, दळाया बसले की माय पाठीमागं बसलीय असं वाटतं बघ," ती म्हणायची. बहात्तरच्या दसऱ्याला जाताना तिचं तान्हं पोरगं तापानं फणफणलं होतं. तरी निघाली. न जाऊन काय खाणार होती? छबुबाईनं पोराच्या कपाळाला राख लावली आणि म्हणाली, "जा. जातं माज्या जिवावर हाय."

ते साल कसं होतं ते ज्यांनी काढलं त्यांनाच माहीत. आदल्या साली पावसानं हात दाखवला होता, या साली तोंडच दाखवलं नाही. आड आटले. माजलगावच्या बाजाराला नेलेली जनावरं कुणी फुकट बांधून घेईना. गावातली धट्टीकट्टी माणसं, बाया, सगळी दुष्काळी कामावर खडी फोडायला. पाटलाच्या सुनाही डोक्यावरून पदर ओढून हातोडा चालवत होत्या. तेवढ्यात बातमी आली की सरकारी धान्य सोसायटीमार्फत वाटणार आहेत, परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो. पण ज्या गावच्या सोसायटीला पक्कं गोदाम असेल त्याच गावात धान्य उतरणार. बोरसरायच्या सोसायटीकडं काय होतं? एक टेबल, एक पेटी आणि चेअरमन विठ्ठलराव.

विठ्ठलराव माणूस वाईट नव्हता. खादीची टोपी जरा जास्तच कडक घालायचा एवढंच. तो एका दुपारी सराईत आला, पायातला जोडा बाहेर काढला आणि छबुबाईपुढं खाली मातीत बसला.

"काकी, सराई मागायला आलोय."

छबुबाईनं हातातली केरसुणी खाली ठेवली.

"घडीव दगड हाय, सागवान हाय. महिन्याभरात गोदाम उभं राहतंय. दुसऱ्या गावातून दगड आणायचा म्हणलं तर तोवर माणसं उरायची न्हाईत. तूच सांग, काय करू?"

छबुबाईला त्याला चार शिव्या द्याव्यात असं फार वाटलं. पण तिनं सकाळीच शेजारच्या घरात लेकरं तरवट्याचा पाला उकडून खाताना बघितली होती. शिव्या गिळून ती म्हणाली, "ने. पर पश्चिमेची ओवरी न्हाई. तिथं बायांची जाती हायत. त्या येऊन आपापलं घेऊन जातेल, मग तीबी पाड. मी आडवी येणार न्हाई."

"शब्द दिला," विठ्ठलराव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहारी लागल्या. बिभीषण गवंडी आपली माणसं घेऊन आला. दरवाज्याची चौकट आधी उतरवली, ती सोसायटीच्या कचेरीला लावायची होती. तुळया गेल्या. डोण विठ्ठलरावाच्या मळ्यात गेली. तो म्हणाला, "इथं पडून फुटंल, तिकडं राहील." राहील, राहील! कोरड्या मळ्यात डोणीला काय चाटायचं होतं? छबुबाई चुलीपाशी बसून सगळं बघत होती. दगड निघाला की चुन्याची धूळ उडायची आणि तिला खोकला यायचा. रडत होती ती, पण कुणी विचारलं की म्हणायची, "धूळ हाय मेली."

विठ्ठलराव धान्याच्या मंजुरीसाठी बीडला जाऊन बसला आणि इकडं पायाला दगड कमी पडला. बिभीषण पश्चिमेच्या ओवरीत शिरला. भिंतीशी ओळीनं मांडलेली जाती बघून त्याचे डोळे चमकले.

"लई कठीण दगड हाय. पायात झकास बसंल."

"हात लावशील तर हात मोडून ठेवीन!" छबुबाई उठलीच. "चेअरमननं शब्द दिलाय."

"चेअरमन बीडला हाय, मावशे. आन पाया इथं हाय. टोळीवाल्यांचे दगड हायत ना? ते आल्यावर बघू त्यांचं."

"आल्यावर काय बघतोस बे? पायातून काढून देणार हाईस?"

बिभीषण हसला. माणसं उपाशीपोटी काम करत होती, कुणाला थांबायला सवड नव्हती. "जेवण करून येतो," तो म्हणाला, "तवर तुला हालवायची असतील तर हालव." आणि निघून गेला. जेवण म्हणजे काय, कामावर मिळणारी वाटीभर सरकारी सुकडी.

आता एकटी म्हातारी एवढे दगड कुठं हलवणार? तिनं चंद्रभागाचं जातं दोन्ही हातांनी धरून ओढलं. ते वीतभर सरकलं आणि हिची कंबर धरली. ती तिथंच बसली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. शेजारणीला हाक मारावी तर सगळ्या खडीवर. तिला चंद्रभागा दिसायला लागली, दारात खुंटा घेऊन उभी असलेली. काय सांगायचं तिला? तुझी माय पायात घातली म्हणून?

मग तिला सुचलं. कसं सुचलं देव जाणे. मारुतीला वाहायला आणलेली शेंदराची पुडी कोनाड्यात होती, बुधलीत तळाशी थोडं तेल होतं. तिनं शेंदूर तेलात खलला आणि प्रत्येक जात्याच्या वरच्या तळीवर फासला. पुडी संपत आली तेव्हा शेवटच्या दोन-तीनांना नुसती बोटं टेकवली. मग हात राखेनं घासून धुतले आणि चुलीपाशी जाऊन बसली.

बिभीषण आला. पहार खांद्यावर होती, ती खाली आली. त्यानं वहाणा काढल्या. त्याच्यामागची माणसंही थांबली, एकानं तर हातच जोडले.

"मावशे, कुणी लावला गं?"

"मला काय ठाव?"

जेवायला जाताना तिथं काय होतं ते त्याला चांगलं माहीत होतं. पण शेवटी मान हलवून म्हणाला, "कुणी का लावंना. लागला तो लागला. आता आमी हात लावणार न्हाई." आणि माणसं घेऊन ओढ्याकडं दगड शोधायला गेला. छबुबाई पदर तोंडात कोंबून हसली. कितीतरी दिवसांनी हसली होती बिचारी. वाटलं, वाचलं सगळं. बाया आल्या की तेलाचा बोळा फिरवू, कोंड्यानं घासू, झालं.

आणि नेमका दुसऱ्याच दिवशी धान्याचा ट्रक आला. गोदामाचा पाया भरला नव्हता, मंजुरीचा पत्ता नव्हता, आणि ट्रक आला! विठ्ठलरावानं बीडला कुणाच्या पाया पडून तो आणला होता हे त्याचं त्याला माहीत. गावानं मात्र ओवरीतला शेंदूर बघितला होता. एक बाई लिंबू घेऊन आली. दुसरी हिरव्या बांगड्या घेऊन आली. आठवडा गेला नाही तोवर त्या दगडांना 'सराईच्या आया' असं नाव पडलं. खडीवरून येताना बाया वाकडी वाट करून यायच्या, मिलोची पहिली मूठ तिथं ठेवायच्या. घरात दाणा नाही आणि इथं मूठ! छबुबाईला ओरडावंसं वाटायचं, अगं, लेकराच्या तोंडात घाला ती! पण त्या बायांचे चेहरे बघितले की ती पुन्हा चुलीपाशी जाऊन बसायची.

विठ्ठलराव परत आला तेव्हा तिनं त्याला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं.

त्यानं टोपी काढून हातात घेतली. "काकी, हे दुसऱ्या कुणापाशी बोलू नको. लोकांपाशी दुसरं काय उरलंय? तेवढा एक धीर हाय."

"आन बाया आल्यावर रे?"

"तवाचं तवा बघू."

सगळे आपले तवाचं तवा बघणारे! त्यानं सराईच्या उरल्यासुरल्या दगडांत त्या जात्यांभोवती चार भिंती घातल्या, वर पत्रा टाकला. सगळी सराई गेली आणि तेवढीच एक खोली राहिली. छबुबाईला बाजूला एक पडवी काढून दिली. दिवाबत्ती कर म्हणाला.

दुष्काळानं ऊसही वाळला होता. कारखाना लवकर बंद पडला आणि टोळ्या शिमग्याच्या आतच परतल्या. गाड्या सराईपुढं येऊन उभ्या राहिल्या, पण सराई कुठं होती? पत्र्याची खोली आणि पलीकडं गोदाम. बाया गाडीतून उतरून खुळ्यासारख्या बघत राहिल्या. चंद्रभागा पोराला कडेवर घेऊन पळतच आली. पोरगं वाचलं होतं, पण नुसता हाडांचा सापळा झाला होता.

"आक्का! आक्का गं! माजं जातं?"

"हाय, हाय. सगळी हायत. चल तू." छबुबाईनं तिला हाताला धरून आत नेलं. सोबत आणलेला तेलाचा बोळा तिनं चंद्रभागाच्या जात्यावर टेकवला आणि घासायला लागली. "हे बघ, निघतंय. मीच लावला होता, बिभीषण पायात घालत होता म्हणून. काढ तुजा खुंटा."

दारात गावच्या बाया जमल्या. एकीनं किंकाळी फोडली. दोघींनी येऊन छबुबाईचे हात धरले.

"काय करतीस छबुमाय? कोप व्हईल!"

"कसला कोप? अगं, जाती हायत ही! ह्या पोरींची जाती! मी माज्या हातानं शेंदूर फासला, मारुतीचा शेंदूर! इचारा बिभीषणला!"

बिभीषण गोदामाच्या भिंतीवर होता, तो उतरून आला. सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. तो खाली बघत म्हणाला, "मला काय ठाव न्हाई. मी आलो तवा लागलेला होता."

एक म्हातारी पुढं झाली आणि छबुबाईच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "तू लावला म्हणतीस ना? लावला असशील. पर बुद्धी कुणी दिली तुला? आयांनीच लावून घेतला तुज्या हातानं."

झालं! खरं सांगावं तर तेच पुरावा होऊन बसलं. छबुबाई हात सोडवायची धडपड करत चंद्रभागाला म्हणाली, "ह्यांचं ऐकू नको गं. घाल खुंटा. तुज्या मायचा दगड हाय. घाल!"

चंद्रभागानं गाठोड्यातून काढून कमरेला खोचलेला खुंटा हातात घेतला. पोराला एका हातानं सावरून ती जात्याजवळ गेली, वाकली. खुंटा भोकाच्या तोंडाशी आला. तिनं शेंदराकडं बघितलं, मग पोराकडं बघितलं.

"आक्का," ती म्हणाली, "एकच लेकरू हाय गं मला."

आणि ती मागं सरली. तिच्यामागं उभ्या असलेल्या टोळीतल्या बाया एकेक करून मागं सरल्या. कुणी भांडलं नाही, कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर छबुबाईला बरं वाटलं असतं. जाताना प्रत्येकीनं दाराच्या उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला.

त्या उन्हाळ्यात टोळीवाल्या बायांनी दुसऱ्यांच्या दारात उभं राहून दळण दळलं. ज्या घरचं जातं तिचं आधी उरकायचं, मग हिचा नंबर. कितींदा नंबर लागायचाच नाही आणि मिलो तसाच उकडून खावा लागायचा. चंद्रभागाच्या पोराला तो पचेना. छबुबाई आपल्या जात्यावर पीठ करून तिच्याकडं घेऊन जायची. चंद्रभागा घ्यायची, पण आधी डोक्याला लावायची, प्रसाद असल्यासारखं. छबुबाई चिडून म्हणायची, "पीठ हाय ते, खा की!" चंद्रभागा नुसती मान डोलवायची. पहिल्यासारखं ती आता उंबऱ्यात बसून गप्पा मारत नव्हती.

एकदा भर दुपारी छबुबाईनं कोंडा आणि तेल घेऊन चंद्रभागाचं जातं पार स्वच्छ केलं. निळा दगड दिसायला लागला. सकाळी बघते तर त्यावर पहिल्यापेक्षा जाड शेंदूर. कुणी लावला ते तिनं विचारलं नाही, कारण चंद्रभागाच्या नखांत लाल दिसत होतं.

पुढच्या साली पाऊसपाणी बरं झालं. ज्वारी चांगली आली, गावानं आयांना नवं पातळ नेसवलं. दसरा झाला आणि गाड्या पुन्हा गोळा झाल्या, आता गोदामापुढं. बायांनी वर्षभरात कशीबशी नवी जाती मिळवली होती. ती त्यांनी सोसायटीच्या ओट्यावर ओळीनं मांडून ठेवली आणि विठ्ठलरावाला लक्ष ठेवायला सांगितलं. छबुबाईची चूल पेटलेली होती. पहाटेपासून तिनं पडवी झाडून, सारवून, जागा करून ठेवली होती. तिच्याकडं कुणी काही ठेवायला आलं नाही.

चंद्रभागा मात्र आली. तिनं आयांपुढं नारळ ठेवला, पोराचं डोकं टेकवलं. मग छबुबाईकडं वळली. छबुबाईनं दोन्ही हात पुढं केले. दरसाली निघताना ही तिच्या गळ्यात पडून रडायची, "आक्का, मी येईस्तोवर मरू नको बरं," असं म्हणून तिला हसवायची. या खेपेला ती खाली वाकली, छबुबाईच्या पायांवर तिनं डोकं ठेवलं आणि उठून हात जोडले.

"येते माय. लेकरावर नजर असू दे," असं म्हणून ती गाडीकडं गेली.